डाव्या हाताची कात्री

जुनेपणाचा वास बाटलीत मिळतो, हे मला दुबईत कळलं. चामडं, तंबाखू आणि मुरलेलं लाकूड यांचा एकत्र वास. छतातल्या यंत्रातून तो अधूनमधून फवारतात आणि खाली बसलेल्या माणसाला आपण शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये चहा पितोय असं वाटावं, अशी अपेक्षा असते. मला तो वास सहन होत नाही. अजूनही एखाद्या मॉलमध्ये तो नाकात शिरला की मी वाट बदलतो.

ते रेस्टॉरंट आम्हीच उभं केलं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा. शारजाच्या औद्योगिक भागात आमच्या कंपनीचं वर्कशॉप आहे. दुकानांची, हॉटेलांची आतली सजावट आम्ही तिथे बनवतो आणि ट्रकमध्ये घालून दुबईला नेऊन बसवतो. मी प्रॉडक्शन बघतो. या कामासाठी आम्ही नवंकोरं लाकूड साखळ्यांनी बडवलं, त्यावर कडक चहाचं पाणी फासलं, कोपरे घासून गोल केले, किडीने पोखरल्यासारखी बारीक भोकं पाडली. ड्रिलने पाडलेली कीड! सुतारही हसत होते. इथवर माझंही काही म्हणणं नव्हतं. सोंगाचे पैसे मिळतात, सोंग करायचं.

पण भिंतीवर मालकाला खोटं काही नको होतं. शेकडो वर्षं हाताने वस्तू घडवणारे जे मोजके कारखाने ब्रिटनमध्ये उरलेत, त्यांच्याकडूनच सगळं मागवायचं, असा त्याचा हट्ट. पेट्या आल्या. करवती, रंधे, ॲशच्या लाकडाच्या दांड्याची फावडी, घोड्याच्या केसांचे ब्रश, तांब्याच्या किटल्या आणि शिंप्याच्या मोठ्या कात्र्या. प्रत्येक वस्तू तेलकट कागदात गुंडाळलेली. कागद उलगडला की जवसाच्या तेलाचा खरा वास यायचा. सोबत एक छोटं कार्ड, त्यावर ती वस्तू ज्याने किंवा जिने घडवली त्या माणसाचं नाव, पेनाने लिहिलेलं.

इंग्रजांचं मला मुळीच कौतुक नाही. पण करवतीची मूठ हातात घेतली तेव्हा ती अशी बसली की ठेवावीशी वाटेना. कुणीतरी तिथे थंडीत बसून ती माझ्यासारख्या कुणाच्या तरी तळहातासाठी घासली होती. दोन पिढ्या वापरून तिसरीला द्यावी अशी वस्तू.

आणि मग माझ्या हातात सुरक्षा तपासणाऱ्यांचा कागद आला. गिऱ्हाइकांच्या डोक्यावर धारदार काही नको. सगळ्या धारा मारायच्या, सगळे दाते घासून सपाट करायचे, मग स्क्रूने भिंतीला ठोकायचं.

वाचताना तळपायाची आग मस्तकात गेली. खोट्याला जुनं करायचं आणि खऱ्याला खोटं करायचं, असं हे काम! धार नको होती तर पत्रा कापून दिला असता, चहा फासून. पण नाही. यांना खरीच करवत हवी आणि तिने कापायला नको. मी ग्राइंडरवर पहिली करवत जाताना पाहिली. दात्यांच्या ठिणग्या उडाल्या आणि खाली काळी भुकटी साचली. दुपारचा डबा मला गेला नाही. किळस हा शब्द आपण झुरळा-पालींसाठी वापरतो, पण मला तो त्या दिवशी नीट कळला.

कात्र्यांच्या पेटीत मला ती सापडली. सहज म्हणून उजव्या हातात घेतली तर मुठीच्या कड्याची कड अंगठ्यात रुतली. परत धरली, परत रुतली. मग लक्षात आलं की हिचं वरचं पातं डावीकडे आहे. ही डाव्या हाताची कात्री होती.

माझे वडील डावखुरे शिंपी आहेत. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातून तरुणपणी ते शारजाला आले आणि अरबांचे पायघोळ पांढरे कंदुरे कापण्यात त्यांचं आयुष्य गेलं. जेवायचा हात आजीने फटके देऊन उजवा करून घेतला. कापायचा हात मात्र शिवणकाम शिकवणाऱ्या उस्तादाच्या शिव्या खाऊनही डावाच राहिला. डाव्या हाताची कात्री असते हे ना उस्तादाला माहीत होतं, ना अब्बांना. जगातल्या सगळ्या कात्र्या उजव्यांसाठी, आपण आपलं जमवून घ्यायचं. कडं उलटं बसायचं, म्हणून अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ आली. पात्याआड खडूची रेघ दिसायची नाही, म्हणून ते डावीकडे वाकून बघायचे, आणि मान तशीच राहिली. व्हिसाचा फोटो काढताना दर वेळी फोटोग्राफर म्हणतो, "अंकल, सीधा," आणि अब्बा चिडून म्हणतात, "सीधाच आहे."

त्या वर्षी ते कायमचे गावी परतणार होते. ईद आमच्याबरोबर करायची आणि खलास, असं त्यांचं ठरलं होतं. जाण्याआधी नातीचा ईदचा फ्रॉक स्वतः कापायचा, हे शेवटचं काम. कापड आणून झालं होतं, अबोली रंगाचं. तिची एकच मागणी होती. आजोबांना ती दादा म्हणते. "दादा, पॉकेट्स प्लीज. बोथ साइड्स."

कात्री सापडली त्या संध्याकाळी मी घरी जाऊन अब्बांना सांगून टाकलं की डाव्या हाताची कात्री असते, मी पाहिली आहे आणि मी ती तुमच्यासाठी आणणार आहे.

"गंमत करतोस म्हाताऱ्याची," ते म्हणाले.

"अल्लाची शपथ, अब्बा. वरचं पातं डावीकडे आहे."

जेवणाच्या टेबलावर कापड पसरून, खडूने आखून झालं होतं. त्यांनी त्यावर चादर टाकली आणि आपली जुनी कात्री परत पिशवीत ठेवली. "मग थांबतो," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून आम्ही सगळे जमिनीवर बसून जेवायला लागलो.

नवी मागवायचा विचार मी केला नव्हता असं नाही. कारखान्याचं उत्तर आलं की डावी कात्री क्वचितच घडवतात, आधीच्या मागण्या पुष्कळ आहेत, रांगेत थांबावं लागेल. ईद तर तोंडावर आलेली. तेव्हा जी होती ती हीच. मी तिच्या पात्यांवर लाल पट्टी गुंडाळली. आमच्या वर्कशॉपमध्ये लाल पट्टीचा अर्थ एकच, माझ्या परवानगीशिवाय याला हात लावायचा नाही. फोरमनलाही सांगून ठेवलं. मग मी दुबईला, साइटवर, रेस्टॉरंटच्या डिझाइनर मॅडमला भेटायला गेलो.

या मॅडम पुण्याच्या. दुबईतल्या अल बर्शाला राहतात, बोलायला गोड. माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल वाईट बोलता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही एक डाव्या हाताची कात्री मागवली आहे. ती कशासाठी?"

"अहो, सिमेट्री! एन्ट्रन्सला दोन कात्र्या फेस-टू-फेस आहेत ना. मिरर इमेज हवी."

"मग उजवीच पालथी घालून लावा की. आकार तोच दिसेल."

"पण मग मेकरचं नाव मागे जातं ना! नाव तर दिसलंच पाहिजे. तेच तर हेरिटेज आहे."

जगात कुठेतरी एका माणसाने आपलं सगळं कसब लावून डावखुऱ्यासाठी कात्री घडवली, आणि ती का, तर दारातल्या दोन कात्र्या एकमेकींकडे बघून शोभाव्यात म्हणून. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाकच नव्हतं. त्या बोलत असताना वरच्या यंत्राने फुस्स करून वास सोडला. चामडं, तंबाखू, लाकूड. मी तोंडावर रुमाल धरला.

शेवटी मी अब्बांचं सांगितलं. गाठीचं, मानेचं, टेबलावरच्या कापडाचं. मला वाटलं होतं हसतील. पण त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझे आजोबा पण लेफ्टी होते." त्यांनी भिंतीवरची जागा बोटाने दाखवली. "ओके, असं करू. त्या जागी उजवी उलटी लावा. नाव राहू दे मागे, क्लायंटला मी हँडल करते. तुम्ही ती घेऊन जा. यल्ला, निघा, माझं मन बदलायच्या आत!"

शारजाच्या वाटेवर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती आणि मी एकटाच हसत होतो. अब्बांना फोन केला. "आज आणतो," म्हटलं.

"इन्शाल्ला म्हण," ते म्हणाले. मी म्हटलं.

वर्कशॉपमध्ये पोचलो तर फोरमन खुशीत होता. "साहब, सेफ्टीवाला आया था. फोटो माँग रहा था. सब खलास कर दिया, पास हो गया."

"ती लाल पट्टीवाली?"

"मैंने बोला, साहब ने रोका है। वो बोला, लाल लगाया है मतलब यही सबसे खतरनाक है, मेरे सामने पहले इसी को मारो। खड़ा रहा, हबीबी, क्या करता? दो बार मरवाया।"

मी ती वाचावी म्हणून लावलेली पट्टी सेफ्टीवाल्याने धोक्याची खूण समजून वाचली होती. पट्टी तिथेच खाली पडली होती. कात्री कापडी चिंधीवर ठेवलेली. दोन्ही पात्यांच्या धारा बोथट आणि गोल झालेल्या, आणि कडेने निळसर झाक. फोरमनच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट. मला त्याचा राग आला, सेफ्टीवाल्याचा आला, सगळ्यात जास्त त्या कागदाचा आला, जो लिहिणारा माणूस कधी कात्रीने कापड कापायला बसला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे! मी तिथेच थुंकलो. आयुष्यात कामाच्या जागी थुंकलो नव्हतो.

तरी कात्री घेऊन गेलो. मनात वेडी आशा होती की धार लावून घेता येईल. औद्योगिक भागात धारवाल्यांची काय कमी!

घरी टेबलावरची चादर काढून ठेवलेली होती. अब्बा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते, जणू कुणी पाहुणा येणार होता. माझी मुलगी खाली चार्ट पेपर पसरून शाळेचं काहीतरी करत होती. आमच्या घरात कात्रीचा कायदा एकच. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, कागदाने धार मरते. पोरगी चार्ट पेपर घेऊन त्यांच्या कात्रीकडे नुसती वळली तरी अब्बा ओरडतात, "ठेव आधी ती खाली!" आणि ती म्हणते, "ओके, ओके, रिलॅक्स, दादा."

मी काही सांगायच्या आत अब्बांनी कात्री माझ्या हातातून घेतली. डावा अंगठा कड्यात सरकला. ती गाठ कुठेच अडली नाही. त्यांनी कापडाच्या वर, हवेतच कात्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आणि त्यांची मान सरळ झाली. मी जन्मल्यापासून ती कलतीच पाहिली होती. त्यांना आता रेघ समोरून दिसत होती, वाकायची गरजच नव्हती.

"बघ," ते हळूच म्हणाले, "असं असतं होय!"

मग त्यांनी खडूच्या रेघेवर पातं ठेवलं आणि दाबलं. अबोली कापड कापलं गेलं नाही. दोन पात्यांमध्ये ते नुसतं दुमडलं. त्यांनी ते सोडवलं, हाताने सारखं केलं, पुन्हा दाबलं. पुन्हा दुमडलं. तेव्हा ते कात्री घेऊन खिडकीपाशी गेले आणि पात्याची कड उजेडात धरली.

मी सगळं सांगितलं. धार लावून आणतो, म्हटलं. ते निळ्या झाकेवरून बोट फिरवत राहिले.

"जाळलंय याला. याचं पाणी गेलं," ते म्हणाले. पोलादाला तापवून, विझवून कणखर करतात, त्याला ते पाणी देणं म्हणतात. "आता कितीही धार लाव, टिकायची नाही." मला वाटलं ओरडतील, उस्तादासारख्या शिव्या देतील. मला तेच हवं होतं. पण ते वळले आणि खाली बसलेल्या नातीपुढे त्यांनी ती कात्री धरली, मुठीकडून.

"घे बाळ. याने कागद काप."

तिने हात पुढे केला नाही. माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "रिअली, दादा?"

अब्बांनी कात्री तिच्या चार्ट पेपरवर ठेवली. मग पिशवीतून आपली जुनी काढली, अंगठा कड्यात घातला, मान डावीकडे झुकवली आणि खिशांचं कापड कापायला घेतलं.