काळजी केंद्राच्या दारातली ट्रॉली

"ट्रॉली आत घेऊ नका, अण्णा. ती माणसं आपली न्हाईत."

माझ्याच मंगल कार्यालयाच्या गेटवर उभा राहून नोडल ऑफिसर मला सांगत होता. नोडल ऑफिसर म्हणजे कॅम्पची जबाबदारी ज्याच्यावर टाकलेली असते तो सरकारी माणूस. आमच्याकडे कर्नाटकात या पूरग्रस्तांच्या कॅम्पला 'काळजी केंद्र' म्हणतात. पूर आला की निपाणीच्या आसपासच्या शाळा आणि कार्यालयं सरकार ताब्यात घेतं. लग्नात ताटं धुण्यापासून सुरुवात करून मी हे कार्यालय उभं केलं. त्या दुपारी मात्र माझ्या गेटवर माझं काही चालत नव्हतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतली माणसं हद्दीपलीकडची, महाराष्ट्रातली. त्यांच्या तालुक्याला जाणारा रस्ता बुडाला होता. उरलेला एकच रस्ता आमच्याकडे येत होता, म्हणून ती इकडे आली. पाऊस थांबत नव्हता. शांताक्का नावाच्या बाईनं अंथरुणाला खिळलेल्या सासूला बाजेसकट ट्रॉलीत घातलं होतं आणि तिच्या अंगावर प्लॅस्टिकचा कागद धरला होता.

"साहेब, म्हातारीला तेवढं आत घ्या. बाकीचे पोर्चमध्ये बसतील."

"आगंगिल्ल. होत न्हाय. आमचं रेशन कार्ड असल तरच मंजुरी मिळती."

"जेवण मी घालतो."

"जेवणाचं न्हाय हो. एकदा आत घेतलं की ती आमची जबाबदारी. त्यांचं सरकार हाय की त्यांना."

त्यांच्या सरकारला फोन लावला. तिकडचा अधिकारी फार गोड बोलला. "तुम्ही ठेवून घ्या त्यांना. आम्ही रीतसर पत्र देऊ."

"पत्र कधी?"

"रस्ता सुरू झाला की."

शांताक्का सगळं ऐकत होती. म्हणाली, "अण्णा, आमी घरातच बुडाय पायजे हुतं काय? ते तरी कुणाच्या हद्दीत बसतंय इचारा की."

युद्धातून पळालेल्या माणसांना एक देश दुसऱ्याच्या दारात ढकलतो आणि मग सगळे मिळून जबाबदारी वाटून घ्यायच्या परिषदा भरवतात, हे मी पेपरात वाचतो आणि शिव्या घालतो. इथं तर देशही एकच होता. तरी दोघांनाही त्या ट्रॉलीतलं एक माणूस आपल्या वाट्याला नको होतं.

दोन्हीकडे हात जोडून झाले. मग डोकं तापलं आणि माझा धंदा मला आठवला. मी साहेबांना म्हणालो, "ऱ्हाऊ द्या त्यांना गेटवरच. पलीकडच्या पुढाऱ्यांशी बोललोय मी. ते इथं येऊन ब्लँकेटं वाटणार. मांडव माझाच. बोर्ड मराठीत, त्यांच्या सरकारचा. टीव्हीवाले बी येणार म्हणं."

मी कुणाशीही बोललो नव्हतो.

"रस्ता न्हाय, येत्यात कसं?"

"होडीनं. फोटोला होडी चांगलीच दिसती, साहेब."

साहेब बाजूला गेले. कन्नडमध्ये कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलले. परत आले ते "माणुसकी म्हणून घेऊ या" म्हणतच. दुपारपासून ताटकळलेली ट्रॉली दिवेलागणीला आत आली.

लगेच तिकडच्या गोड अधिकाऱ्याला फोन केला. "तुमची माणसं कर्नाटकानं ठेवून घेतली. बोर्ड कन्नडमध्ये लागलाय." सकाळी खरोखरच होडी आली. तांदूळ, ब्लँकेटं आणि एक डॉक्टर. पत्राचं नाव कुणी काढलं नाही. दोन्ही सरकारांचे फोटो निघाले, एकाच म्हातारीच्या बाजेशेजारी.

डॉक्टरनं तिची छाती तपासली आणि तिला लगेच चिकोडीच्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. न्यूमोनिया झाला होता. म्हातारी तिथंच वारली.

पाणी ओसरल्यावर दोन्ही सरकारांनी जाहीर केलं की या भागात पुरात एकही माणूस दगावलं नाही. मी साहेबांना गाठून विचारलं. ते म्हणाले, "पुरात कुठं, अण्णा? ती आजारानं गेली."

शांताक्का घर धुवायला परत गेली.

त्या दिवसापासून सरकारी माणसापुढं मी दयेची भाषा काढत नाही. त्याला शेजारच्या सरकारच्या फोटोची भीती दाखवायची, आणि ती पहिल्याच वाक्यात. माझी अख्खी दुपार साहेब-साहेब करण्यात गेली, आणि तेवढ्यात म्हातारीच्या छातीत पाणी झालं.