पाव फेरा उलटा

त्या घरात बरणीचं झाकण उघडणं हे दोन माणसांचं काम होतं. एकानं बरणी पोटाशी धरायची, दुसऱ्यानं झाकणाला ओला फडका गुंडाळून जोर लावायचा. बरण्यांचा दोष काही नव्हता. त्यांना फोरमनचा हात लागलेला असायचा, एवढंच. फोरमननी नळ बंद केला की वॉशरचा जीव जायचा. त्यांनी दाराला कडी लावली की ती काढायला हातोडी लागायची. एकदा त्यांनीच लावलेलं साखरेच्या बरणीचं झाकण त्यांनाच निघेना. लालबुंद होऊन त्यांनी बरणी खाली ठेवली आणि बायकोला सांगितलं, "हल्ली बरण्या चांगल्या मिळत नाहीत."

बसडेपोत त्यांनी एकतीस वर्षं चाकांचे नट तपासले होते. "माझ्या पाळीत एकही चाक निसटलं नाही," हे वाक्य त्यांनी सोयऱ्यांना ऐकवलं, शेजाऱ्यांना ऐकवलं, डोळे तपासायला गेले तेव्हा चष्मेवाल्यालाही ऐकवलं. त्यामागे एक खरी गोष्ट होती, ते नाकारून चालणार नाही. ते नोकरीत नवीन असताना दुसऱ्याच्या पाळीत एक नट ढिला राहिला, बस कलंडली आणि चालकाचा पाय गेला. फोरमन त्याला बघायला इस्पितळात गेले होते. परत आले ते सगळ्या जगाचे नट आवळायचं व्रत घेऊनच. बायकोला हे ठाऊक होतं, म्हणून पहिली वीस वर्षं तिनं झाकणांबद्दल चकार शब्द काढला नाही. पण कीव तरी किती वर्षं पुरवायची!

बायको शिवणकाम करायची. गल्लीत सगळे तिला शिवणाच्या बाई म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आणि त्याला लागून कापडं बेतायचं लांबरुंद टेबल. पहिली मोठी ऑर्डर मिळाली तेव्हा तिनं ते सुताराकडून मुद्दाम करून घेतलं होतं, तिच्या कंबरेच्या उंचीचं, म्हणजे वाकायला नको. त्या टेबलावर तिनं मुलीचं शिक्षण बेतलं, कापलं आणि शिवलं. फोरमनचा पगारही होता घरात, पण तो कुठं जायचा हे फोरमनना कधी नीट सांगता आलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा मुलीनं त्यांना रिमोटवर चालणारा ट्रक पाठवला. फूटभर लांब, गुबगुबीत चाकं, खडकांवर चढणारा. बाबांचं मन रमेल, म्हणाली. मन रमलं. इतकं रमलं की माणूस टेबलावरच राहायला आला. पाण्याच्या टाकीमागं पाडकामाचा ढिगारा होता, तिथं चार-पाच निवृत्त मंडळी दर रविवारी आपापले ट्रक चढवत. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. त्यांनी दवाखाना बंद केला होता, पण दुसऱ्याला ठणका लागेल असं बोलायची सवय सोडली नव्हती.

महिन्याभरापूर्वी फोरमनचा ट्रक वळेनासा झाला. हातात उचलून धरला की पुढची चाकं डावी-उजवी डौलात फिरायची. जमिनीवर ठेवला की निम्म्यात थांबायची. मोटर नुसती कण्हत बसायची.

"तुमचा ट्रक फार सरळमार्गी आहे हो फोरमन," डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले. "वाकड्या वाटेला जायचं नावच घेत नाही!"

फोरमनना ते लागलं. घरी येऊन त्यांनी टेबलावरचं कापड एका बाजूला सारलं, ट्रक उलटा केला आणि सात वाट्या मांडल्या. एका वाटीत मोठे स्क्रू, एका वाटीत छोटे, एकीत वॉशर, बाकीच्यांत काय ते त्यांनाच माहीत.

"हात लावू नकोस हं. क्रम लागलाय. स्टिअरिंग सुधारलं की टेबल तुझंच."

तुझंच! जसं काही ती आजवर त्यांना टेबलाचं भाडं देत होती.

आधी त्यांनी रिमोटचे सेल बदलले. मग ट्रकची बॅटरी बदलली. मग रिमोटवर एक बारकी चकती असते, चाकं किती वळावीत ते ठरवणारी, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून झाली. मग चाकं वळवणारी जी छोटी मोटर असते, सर्व्हो म्हणतात तिला, ती नवी आणली. ती कण्हायला लागली तेव्हा तिच्याहून दांडगी आणली. तीही कण्हली, आणि एके दिवशी जळक्या रबराचा वास सोडून गेली. मग तिसरी आली, धातूच्या दातांची. दुकानदारानं सांगितलं होतं, "ही भिंत ओढेल." ट्रक मात्र वळेना. आणि दर वेळी सगळं पुन्हा बसवताना फोरमन एकेक स्क्रू दात-ओठ खाऊन आवळत. शेवटी मनगटाला एक हिसका देत आणि म्हणत, "बस्स. आता हालायचा नाही."

हालत नव्हताच. तीच तर तक्रार होती.

तीन आठवडे असे गेले. मधल्या काळात कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची ऑर्डर येऊन पडली. बेचाळीस पांढरे ॲप्रन. दर वर्षी हीच ऑर्डर असायची, सोळा वर्षं. या खेपेला प्रयोगशाळेच्या बाई कापड द्यायला आल्या त्या बसल्यासुद्धा नाहीत.

"तुम्हाला म्हणून आधीच सांगते. वरच्यांनी कारखान्याच्या तयार ॲप्रनचं पत्रक आणलंय. सोमवारी सकाळी बेचाळीसच्या बेचाळीस हातात पडले नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून मला काही बोलता यायचं नाही."

"आजवर कधी चुकलंय का?"

"नाही, म्हणूनच सांगायला आले," असं म्हणून बाईंनी टेबलावरच्या सात वाट्यांकडे बघितलं आणि भुवया वर करून निघून गेल्या.

त्या भुवया शिवणाच्या बाईंना शब्दांपेक्षा जास्त झोंबल्या.

तिनं जमिनीवर कापड पसरून बेतायला घेतलं. गुडघ्यांनी दुसऱ्याच दिवशी असहकार पुकारला. मग पलंगावर. पलंगाची गादी मऊ, कापड सरकलं, आणि गुरुवारी दुपारी पाच पुढचे भाग तिरके कापले गेले. कापून ठेवल्यावर लक्षात आलं. चाळीस वर्षांत कात्री अशी कधी गेली नव्हती.

"अहो, टेबल मोकळं करा. आजच्या आज."

"अगं, रविवारी चढाई आहे. आता अगदी जवळ आलोय मी. बहुतेक वायरिंगमध्येच काहीतरी असणार."

"मघाशी बॅटरी म्हणत होतात."

"एक एक शक्यता दूर करत जायचं असतं. ही शास्त्रीय पद्धत आहे. तुला नाही कळायचं."

तिला उत्तर येत होतं, पण तोवर तिनं टाचण्या तोंडात धरल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी ती वाया गेलेल्या पाच भागांसाठी त्याच जातीचं कापड शोधायला बाहेर पडली. तीन दुकानं पालथी घातली. परत येते तो फोरमन दारातच उभे, चेहऱ्यावर उपकारकर्त्याचं हसू.

"तुझ्या मशीनची सर्व्हिसिंग करून टाकली. खालून सगळं ढिलं झालं होतं. एकेक स्क्रू आवळलाय."

पिशवी खाली टाकून ती मशीनशी बसली आणि पायानं कळ दाबली. मोटर कण्हली. सुई दोनदा जेमतेम वरखाली झाली आणि अडकली.

कण्हणं ओळखीचं होतं. तीन आठवडे ते तिच्याच टेबलावरून येत होतं.

मशीन जड का झालं हे शोधायची एकच रीत तिला ठाऊक होती, आणि ती कुठल्याही शास्त्रीय पद्धतीच्या बापाला पुरून उरणारी होती. तिनं पट्टा काढून मोटर वेगळी केली आणि हातानं चाक फिरवून बघितलं. चाक जड. म्हणजे मोटर बिचारी निर्दोष. मग तिनं मशीन मागं कलंडवलं. पोटात, कापड पुढं सरकवणारा दांडा दोन टोकदार स्क्रूंच्या मध्ये झोका खात असतो. ते स्क्रू दोन्हीकडून त्याला धरतात, पण गळा दाबत नाहीत. फोरमननी गळा दाबला होता. तिनं एक स्क्रू पाव फेरा उलटा फिरवला. चाक बोटानं फिरायला लागलं.

पट्टा पुन्हा चढवायच्या आधी ती टेबलाकडे वळली. वाटीला वाटी आपटली तरी तिनं पर्वा केली नाही. ट्रकच्या त्या भिंत ओढणाऱ्या सर्व्होपासून चाकांकडे जाणारी दांडी तिनं सोडवली आणि पुढचं एक चाक बोटांनी वळवून बघितलं. चाक गंजलेल्या फाटकासारखं वळलं. तेही दोन स्क्रूंच्या मध्ये झोका खाणारं होतं. एक वर, एक खाली. दोन्ही एकतीस वर्षांच्या अनुभवानिशी आवळलेले.

"अहो, इकडे या. हे बोटानं वळवून बघा."

फोरमननी वळवलं. "मग? मजबूत आहे."

"मजबूत कसलं, आखडलंय! तीन मोटरी आणल्यात, तिन्ही या स्क्रूंशी झुंजल्यात. एक तर बिचारी जळून मेली. पाव फेरा ढिला करा."

"ढिला?" फोरमन असे दचकले, जसं तिनं त्यांना उघडं फिरायला सांगितलं होतं. "चाकाचा स्क्रू ढिला ठेवू? मी? अगं, माझ्या पाळीत—"

"एकही चाक निसटलं नाही. माहितीय मला, गल्लीला माहितीय, चष्मेवाल्याला माहितीय. चाकाचा नट आवळायचा असतो. हा चाकाचा नट नाही, ही बिजागरी आहे. बिजागरी आवळली तर दार उघडेल का?"

"एवढंसं कारण असतं तर दुकानदाराला कळलं नसतं?"

"दुकानदाराला कळलं असतं तर त्यानं तीन मोटरी कुणाला विकल्या असत्या?"

फोरमननी चाक पुन्हा एकदा बोटानं वळवून बघितलं. म्हणाले, "रविवारपर्यंत थांब. मी डॉक्टरांना विचारून—"

आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की आपण तीन आठवडे या माणसाकडे आपलंच टेबल मागतोय. शहाणीसुरती बाई, सोळा वर्षं ऑर्डर न चुकवणारी, आणि आपल्याच टेबलासाठी एक खेळणं बरं व्हायची वाट बघतेय! फोरमनचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला. तिनं कपाटावरचा मोठा ट्रे काढला, सातही वाट्या त्यात ठेवल्या, वर ट्रक ठेवला आणि सगळं नेऊन फोरमनच्या पलंगावर, त्यांच्या उशीवर ठेवलं.

"क्रम!" फोरमन ओरडले.

"क्रम असा आहे. आधी बेचाळीस ॲप्रन. मग जग."

टेबल पुसून तिनं कापड पसरलं. मापाची पट्टी, खडू, कात्री. कंबर वाकवावी लागली नाही. कात्री सरळ, एका श्वासात गेली. संध्याकाळपर्यंत उरलेले सगळे भाग कापून झाले, आणि मशीन असं धावायला लागलं, जसं काही झालंच नव्हतं.

आतल्या खोलीत फोरमन रुसून बसले होते. चहा झाला, तरी बाहेर आले नाहीत. मशीनचा आवाज मात्र त्यांना ऐकू येत असणार. ज्या माणसानं एकतीस वर्षं इंजिनांचे आवाज ऐकले, त्याला हलकं चालणारं यंत्र आणि कण्हणारं यंत्र यांतला फरक न कळून कसं चालेल? शनिवारी दुपारी ते दारात येऊन उभे राहिले. एका हातात ट्रक, दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर.

"किती म्हणालीस?"

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं हवेतच अंगठा आणि बोट धरून पाव फेरा दाखवला.

"उलटा?"

तिनं अशा नजरेनं बघितलं की त्यांनी पुढचा प्रश्न गिळला.

तिथंच जमिनीवर बसून त्यांनी चारही स्क्रू पाव-पाव फेरा उलटे फिरवले. प्रत्येक वेळी चेहरा असा, की कोणी त्यांची दाढ उपटतंय. मग ट्रक जमिनीवर ठेवून रिमोट दाबला. ट्रक सरळ गेला, टेबलाच्या पायाशी डावीकडे वळला, पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि मशीनच्या पायडलपाशी येऊन थांबला. फोरमन बघत राहिले. त्यांचे डोळे ओले झाले होते की नाही, ते सांगता येत नाही. तिला बघायला वेळ नव्हता, बाह्या बाकी होत्या.

रिमोट खाली ठेवत ते म्हणाले, "तिसरा सर्व्हो एकंदरीत चांगला निघाला."

तिनं टाचण्या तोंडातून काढल्या, हातातली बाही बघितली आणि पुन्हा तोंडात ठेवल्या. काही माणसांवर शब्द घालवण्यापेक्षा टाचण्या चावलेल्या बऱ्या.

रविवारी फोरमनचा ट्रक ढिगारा चढला आणि वळून उतरला. डॉक्टरांनी गुपित विचारलं. फोरमननी छाती फुगवून सर्व्होचं नाव सांगितलं, आणि दोन दिवसांत डॉक्टरांनीही तो आणून बसवला. त्यांच्या ट्रकला मुळात काही झालंच नव्हतं.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या बाईंनी बेचाळीस ॲप्रन मोजून घेतले. पाच ॲप्रनच्या पुढच्या भागाचं कापड जरा जास्त पांढरं होतं. बाईंनी ते ओळखलं, टेबलाकडे एकदा बघितलं, तिथं फक्त कात्री आणि खडू होता, आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पन्नास लागतील. तुकडी वाढतेय."

त्या दिवसापासून घरातला स्क्रू-ड्रायव्हर शिवणाच्या बाईंच्या कात्र्यांच्या खणात असतो. फोरमनना तो मागून घ्यावा लागतो. मागायला आले की ती मान वर न करता विचारते, "काय आवळायचंय?" आणि दहातल्या सहा वेळा ते जरा उभे राहतात, आठवून बघतात आणि तसेच परत जातात.

बरण्या अजून दोघांनाच उघडाव्या लागतात. झाकण लावायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही ना.