ड्रायव्हरच्या मुलीला गाडी लागते

"डोक्यात काही नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. एमआरआयची काळी फिल्म त्यांनी उजेडावर धरली, पाहिली आणि टेबलावर उलटी ठेवून दिली. "गाठ नाही, सूज नाही. याला मायग्रेन म्हणतात. अर्धशिशी. लहान मुलांनाही होते. अशा मुलांना गाडी फार लागते. घरात आणखी कोणाला आहे?"

"कोणालाच नाही," मी बोलून मोकळा झालो.

मी खुर्चीवर बसलेलो नव्हतो. तीन दिवस मी कुठेच धड बसलो नव्हतो. शेजारी माझी बायको वैशाली बसली होती आणि मध्ये आमची नऊ वर्षांची मुलगी, मैत्री. वैशालीने मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

ही गोष्ट अकोल्याच्या दवाखान्यातली. पण ती सुरू झाली माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर, म्हणून तिथून सांगतो. तुमचंही मूल गाडीत बसताच डोकं धरत असेल, तर माझ्यासारखे शहाणे होऊ नका.

मी अमरावतीला भाड्याची गाडी चालवतो. अठरा वर्षं झाली. अमरावती-अकोला रस्ता मला तळहातासारखा पाठ आहे. कितीतरी पेशंट मी अकोल्याला नेले. मागे आडवं झोपवून, खड्डे चुकवत, ग्लासातलं पाणी हलू न देता. दवाखान्यांची पार्किंगं मला सगळी माहीत. आत काय चालतं ते मात्र कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक सोडायचं, झाडाखाली गाडी लावायची आणि झोप काढायची.

अशा माणसाच्या पोरीला गाडी लागते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. स्टँडवर रोज टिंगल. रफिकभाई, माझ्याआधीपासून या धंद्यात असलेले ड्रायव्हर, सगळ्यांदेखत विचारायचे, "काहून भाऊ, दुनियेले फिरवतं आन् घरच्या पोरीले तुही गाडी सोसत नाई?" मी हसायचो. पण मनात लागायचं.

वैशालीचं माहेर अकोल्याचं. महिन्यातून एक-दोनदा जाणं व्हायचं. दोन वर्षांपूर्वी हे सुरू झालं. बडनेरा सुटलं की मैत्रीचं बोलणं बंद. मग जांभया. चेहरा पांढरा. मग कपाळावर हात, "बाबा, डोकं." मूर्तिजापूरच्या आसपास उलटी. त्यानंतर गाढ झोप. आणि मामाच्या घरी दोन तास झोपून उठली की हीच पोरगी मामेभावाच्या मागे गच्चीवर पळायची.

मला वाटायचं, आजार असा दोन तासांत पळतो का? नाटक आहे. खिडकीची जागा पाहिजे, थांबून कुल्फी पाहिजे, म्हणून नाटक.

तरी उपाय केले. लिंबू हुंगायला दिलं. आवळा सुपारी दिली. सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसवलं. एका गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून खिशात कांदा ठेवला, तर गाडीभर कांद्याचा वास आणि उलटी अर्धा तास आधी. माझा खास उपाय होता उपाशी नेण्याचा. अठरा वर्षांचा अनुभव होता ना! प्रत्येक उलटीवाल्या प्रवाशाला मी तेच सांगायचो, "रिकाम्या पोटी बसा, काही होत नाही." प्रवासाच्या सकाळी वैशालीने तिला पोळी दिली की मी ताट ओढून घ्यायचो.

दुसरा उपाय सेंटचा. उलटीचा वास गाडीत मुरला तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून समोर, बुद्धमूर्तीच्या शेजारी, मोगऱ्याची मोठी बाटली चिकटवली. त्यात सकाळची अगरबत्ती. काचा बंद, एसी चालू.

आता जे सांगतो ते लिहायला मला आठ दिवस लागले.

मैत्रीच्या धाकट्या मामाचा साखरपुडा होता. आदल्या आठवड्यात मी गाडीला नवीन सीट कव्हर घातली होती. बोरगाव मंजूच्या अलीकडे तिने त्यावर उलटी केली. मी कचकन ब्रेक मारला, खाली उतरलो, मागचं दार उघडलं आणि डिकीतलं फडकं तिच्या हातात दिलं. "ज्यानं केली त्यानं पुसाची. मंग समजते नाटक कसं करा लागते ते." वैशाली फडकं घ्यायला पुढे झाली, तर मी तिलाही अडवलं. पोरीने एका हाताने डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने सीट पुसली. रडली नाही. पुसून झाल्यावर फडक्याची घडी घालून ते मला परत दिलं.

त्यानंतर ती गाडीत बसताना स्वतःहून एक फडकं मांडीवर घेऊन बसायची. मला वाटलं, वळण लागलं.

मग एका सकाळी ती घरात, अंथरुणावरून उठली आणि डोकं धरून न्हाणीत ओकली. गाडी दारात बंद उभी होती. आठ दिवसांनी तेच शाळेत झालं. वैशाली मला म्हणाली, "आता कोणती गाडी लागली इले? सांगा न."

मी तिला दवाखान्यात नेलं.

अमरावतीच्या बालरोग डॉक्टरांनी तिला रेषेवर चालवलं, नाकाला बोट लावायला लावलं, बॅटरीने डोळ्यांच्या आत पाहिलं. दुखण्याने झोपेतून जाग येते का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, असं विचारलं. मग म्हणाले, "मला तसं काही वाटत नाही. पण सकाळी उठल्याबरोबर उलटी झाली, म्हणून खात्री करू. मेंदूचा एमआरआय काढा." एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या यंत्रात झोपवून आतले फोटो काढतात. कापणं नाही, दुखणं नाही.

ते म्हणाले, मला काही वाटत नाही. मी ऐकलं फक्त मेंदू.

कारण मला एक भाडं आठवलं. चांदूर बाजारकडचं कुटुंब, आई-बाप आणि आठ-दहा वर्षांचा मुलगा. बाप रस्ताभर एकच सांगत होता, "आधी निसत्या उलट्याच होत्या, आमी म्हटलं पित्त असन." त्यांना मी अकोल्याला तीनदा नेलं. तिसऱ्यांदा परत आणताना माझ्या गाडीत दोघंच होते. मी तेव्हाही झाडाखाली झोपलो होतो.

एमआरआयच्या दिवशी वैशाली आत मैत्रीच्या पायाशी बसली. मी बाहेर. पाण्याच्या टाकीपासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून टाकीपर्यंत मी किती फेऱ्या मारल्या माहीत नाही. चौकीदार म्हणाला, "भाऊ, बसून घ्या न, फरशी झिजन." बसलो, परत उठलो. आतून धडधड आवाज येत होता. अर्ध्या तासाने पोरगी बाहेर आली ती हसत. म्हणाली, "बाबा, ते मशीन आवाज लय करते, पण चालत नाई. म्हून मले लागली नाई."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. इंग्रजीत, दोन पानं. मला त्यातलं एक अक्षर धड कळेना. तिथला माणूस म्हणाला, "मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या." तो हे सगळ्यांनाच म्हणत असणार. मी त्या चार शब्दांवर रात्र काढली. सकाळी आम्ही अकोल्याच्या मेंदूरोग तज्ज्ञांकडे निघालो. पोरीला मी नेहमीप्रमाणे उपाशी बसवलं. नेहमीप्रमाणे उलटी झाली, नुसतं पिवळं पाणी. दवाखान्यातल्या बाकावर ती आईच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती आणि आमचा नंबर सतरावा होता.

तर, मी कॅलेंडर वाचत होतो.

वैशाली माझ्याकडे बोट दाखवून डॉक्टरांना म्हणाली, "कोणाले नाई कसं? यायचंच डोकं महिन्यातून दोनदा चढते. दुपट्टा बांधून अंधारात पडून रायतात. पोरीले आवाज करू देत नाईत."

"ते उन्हानं," मी म्हणालो. "धंदाच तसा आहे."

मॅडमनी माझ्या म्हणण्याकडे लक्षच दिलं नाही. मैत्रीला विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"काईच नाई. गाडीत बसाच्या आधी बाबा खाऊ देत नाईत."

"गाडीत काही वास असतो? सेंट वगैरे?"

"मोगरा," मैत्री म्हणाली. "त्याचा वास आला की डोकं सुरूच होते."

मग मॅडमनी समजावून सांगितलं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. गाडी वळली, थांबली की तो मेंदूला कळवतो, आपण हलतोय. मागे बसलेल्या लहान मुलाला समोरच्या सीटची पाठ दिसते. डोळे सांगतात, आपण एका जागी आहोत. दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात आणि मेंदू गोंधळतो. याला मोशन सिकनेस म्हणतात, म्हणजे आपलं गाडी लागणं. ज्यांच्यात मायग्रेन असतो त्यांना हा गोंधळ कमी सोसतो. त्यात पोट उपाशी, झोप अपुरी, ऊन, उग्र वास. "यातली प्रत्येक गोष्ट डोकेदुखीला बोलावणं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांना एकाच गाडीत बसवलं."

"मायग्रेन बहुतेक घरातूनच येतो," त्या म्हणाल्या आणि मला विचारलं, "तुम्हाला लहानपणी गाडी लागायची?"

"मॅडम, अठरा वर्षं गाडी चालवतो. कधी लागली नाही."

"चालवणाऱ्याला सहसा लागत नाही. वळण येण्याआधीच त्याला माहीत असतं. मागे बसलात कधी?"

मी आठवायला लागलो. भातकुलीहून अमरावतीला येणारी एसटी आठवली. खिडकी मिळाली नाही म्हणून मी माझ्याच दप्तरात ओकलो होतो, ते आठवलं. मग सोळाव्या वर्षी काकाच्या जीपचं स्टिअरिंग हातात आलं आणि पहिल्यांदा पोट शांत राहिलं. तेव्हापासून मी कोणाच्या मागे बसलेलोच नाही. स्वतःच्या लग्नाच्या वरातीतही गाडी मीच चालवली होती, घरचे अजून हसतात.

मी खुर्चीवर बसलो.

याला आता वर्ष होत आलं. मैत्रीचं दुखणं गेलं नाही, पण कमी झालं. निघण्याआधी ती पोटाला जड होणार नाही असं थोडं खाते. मोगऱ्याची बाटली गेली, अगरबत्ती घरात लागते. बेल्ट लावून ती मागे मधोमध बसते, म्हणजे समोरचा रस्ता दिसतो. हातात मोबाईल नाही. जांभया सुरू झाल्या की मी गाडी कडेला घेतो, मूर्तिजापूर येवो की न येवो. दुखणं सुरू होताच द्यायची गोळी डॉक्टरांनी वजन पाहून ठरवून दिली आहे. आपल्या मनाने वरचेवर देऊ नका, त्यानेही डोकं दुखतं म्हणतात. आणि माझ्या मुलीला काही निघालं नाही म्हणून तुम्ही तपासणी टाळू नका. सकाळची उलटी, झोपेतून उठवणारं दुखणं, चालताना झोक जाणं, यातलं काही दिसलं तर आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. फी घेऊन इतकं सुनावणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

पण त्या दिवशीचा परतीचा प्रवास सांगायचा राहिला.

दवाखान्यातून बाहेर आलो तोवर माझं डोकं चढलं होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, डोळ्यांसमोर चमकत होतं. रफिकभाई त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची गाडी अकोल्याला सोडायला आले होते, परत आमच्यासोबत येणार होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि किल्ली काढून घेतली. वैशाली पुढे बसली. मैत्रीने केळं आणि थोडे पोहे खाल्ले होते, ती टवटवीत होती. मी तिच्याजवळ, मागे.

अठरा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलो. तिथून रस्ता दिसत नाही. समोरच्या सीटचं कव्हर दिसतं, माझंच घातलेलं. मी खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून वाचायला लागलो.

"बाबा, खाली नका पाहू," मैत्री म्हणाली. "समोर पाहा. दूर."

उशीर झाला होता. बोरगाव मंजू यायचं होतं. तोंडाला हात लावेपर्यंत पिवळं पाणी सीटवर आणि माझ्या शर्टवर आलं. रफिकभाईंनी गाडी कडेला घेतली. टिंगल करायच्या ऐवजी त्यांनी पाण्याची बाटली मागे दिली.

मी डोकं धरून वाकून बसलो होतो, तेव्हा शेजारी हालचाल जाणवली. मैत्रीने मांडीवरचं फडकं उलगडलं होतं आणि ती सीट पुसत होती.

"राहू दे," मी म्हणालो. "ज्यानं केली त्यानं..."

"तुमचं डोकं दुखून राहिलं न," ती म्हणाली. "दुखताना पुसलं की आणखी दुखते."

मी तिचा हात धरला. चुकलं माझं, असं काहीतरी म्हणालो. नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे, कारण मी रडत होतो आणि पुन्हा ओकारी येत होती.

तिने फडक्याची स्वच्छ बाजू काढून माझं तोंड पुसलं. "मले माहीत हाय बाबा," ती म्हणाली. "तुमी नाटक नाई करून राहिले."