दाजींची भलती जागा

सगळं बंदर त्यांना दाजी म्हणायचं, कारण त्यांचा मेव्हणा म्हणायचा. सगळं बंदर त्यांना थापाड्याही म्हणायचं. तीही मेव्हण्याचीच कृपा. दाजींचा गुन्हा एवढाच, की समुद्राच्या तळाशी मोठं जहाज बुडालेलं आहे आणि आपलं जाळं त्यात अडकलं, असं ते तरुणपणी एकदा बोलून गेले. "कुठे?" म्हटलं की मात्र भलतीच जागा सांगत. बुडालेल्या जहाजाभोवती मासळी गोळा होते. अशी जागा कोणी सांगतं का? लोक तिथे जायचे, हात हलवत परत यायचे आणि दाजींना हसायचे. बायकोसुद्धा भावाच्याच बाजूची.

मग बुडालेली जहाजं शोधणाऱ्या शास्त्रज्ञ बाई आल्या. जाळी कुठे अडकतात ते मच्छीमारांनाच ठाऊक, म्हणून त्यांनी दाजींची बोट ठरवली. मेव्हणा गंमत बघायला आपणहून चढला.

जित्याची खोड! दाजींनी बाईंनाही भलत्याच जागी नेलं. तळ दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर नुसती सपाट वाळू.

"वा दाजी! जहाज विरघळलं वाटतं," मेव्हणा खिदळला.

बाई हसल्या नाहीत. "होतं असं कधीकधी, काका," म्हणाल्या आणि तार गुंडाळू लागल्या. ते दाजींना फार लागलं. खरं सांगावं तर पोट भरणारी जागा मेव्हण्यासमोर उघडी पडणार. गप्प बसावं तर थापाड्या म्हणूनच मरायचं.

"थांबा, बाई. हे चुकलं नाही, मी चुकवलं."

त्यांनी बोट वळवली आणि किनाऱ्यावरच्या खुणा जुळवू लागले. दीपगृह पाण्याच्या टाकीमागे दडलं, गिरणीचं धुराडं बरोबर टेकडीच्या खिंडीत आलं, तिथे इंजिन बंद केलं. पडद्यावर लांबट सावली उमटली. बाईंनी आनंदाने टाळ्या पिटल्या. दाजींचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

बाईंनी कॅमेरा खाली सोडला. जहाजाची गंजलेली कड दिसली, तिच्यावर दाजींचं जुनं जाळं आणि त्यावर आणखी एक, चांगलं नवं, जाळं तरंगतं ठेवणारे केशरी बोये लावलेलं. अख्ख्या बंदरात केशरी बोये एकच माणूस लावतो.

मेव्हणा एकाएकी ढग निरखू लागला.

"काय मेव्हणे, वाळूत अडकलं वाटतं जाळं?"

"दाजी, पाया पडतो. ताईला सांगू नका."

"सांगणार तर! आणि या खेपेला जागासुद्धा खरी सांगणार."