तळ्याकाठचा आधारस्तंभ

सार्वजनिक मंडळात एखाद्याला काढून टाकायचं असेल तर त्याला बढती देतात. काळाचौकीच्या एका गणेशोत्सव मंडळाने आमच्या मित्राला असंच वर पाठवलं. वर्षानुवर्षं तो तिथला कार्यवाह. वर्गणीपासून विसर्जनापर्यंत काहीही त्याला विचारल्याशिवाय हलत नसे, आणि हललंच तर तो ते पुन्हा जागेवर नेऊन ठेवायचा आणि मग हलवायची परवानगी द्यायचा. गेल्या वार्षिक सभेत तरुण मुलांनी नवा कार्यवाह निवडला, याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि याला 'आधारस्तंभ' करून टाकलं. नाक्यावरच्या बॅनरवर त्याचा फोटो पूर्वी टपालाच्या तिकिटाएवढा असे, तो आता जवळजवळ नगरसेवकाएवढा झाला. बॅनरवर फोटो जितका मोठा, तितकं त्या माणसाकडे काम कमी, असं माझं जुनं निरीक्षण आहे. त्याला मात्र मी ते ऐकवलं नाही.

म्हणून त्या उन्हाळ्यात तो स्वतःहून म्हणाला, "चला, आपण तिघं युरोप करून येऊ," तेव्हा आम्हाला बरंच वाटलं. तिघं म्हणजे परळच्या शाळेतले एका बाकावरचे आम्ही. तो काळाचौकीचा, मी गिरगावातला, आणि तिसरा माझगावचा ख्रिश्चन, ज्याने जन्मभर गोदीत जहाजांचे नकाशे काढले आणि आता जो जेवणाखेरीज कशाचाच आराखडा आखत नाही. बायकांनी आम्हाला एकटं जायची परवानगी इतक्या चटकन दिली की आम्ही जरासे दुखावलो. प्रवासाच्या तारखा कार्यवाहाने ठरवल्या. त्याला आम्ही अजून कार्यवाहच म्हणत होतो. माजी म्हणायची हिंमत दोघांनाही नव्हती.

ऑस्ट्रियातल्या एका तळ्याकाठच्या गावात आमच्या सहलीला एक मोकळा दिवस होता. सहल कंपनीच्या छापील कार्यक्रमात त्या दिवसापुढे 'निवांतपणाचा अनुभव' असं लिहिलं होतं. म्हणजे त्या दिवशी आमच्यावर खर्च करायचा कंपनीचा इरादा नव्हता. सकाळी नाश्त्याला बसलो तेव्हा कार्यवाहाने कमरेच्या पाकिटातून एक पितळी किल्ली काढली आणि लोण्याच्या बशीशेजारी ठेवली.

"ही कसली?" मी विचारलं.

"चांदीच्या कपाटाची. आज पाद्यपूजन आहे."

गणपतीची मूर्ती घडवायला घेताना आधी तिचं पाऊल करतात आणि त्याची पूजा होते, ते पाद्यपूजन. मंडळाच्या वर्षाची सुरुवात तिथून. त्या पूजेची चांदीची समई, ताम्हण, तबक, कलश हे सगळं चाळीच्या जिन्याखालच्या कार्यालयात एका लोखंडी कपाटात असतं, आणि त्या कपाटाची किल्ली आता आमच्यासमोर पावाच्या टोपलीला टेकून पडली होती.

"अरे मॅन, विसरून आणलीस काय?" माझगाववाल्याने विचारलं.

"विसरून. मुद्दाम विसरलो."

आता तारखांचा उलगडा झाला. आल्प्स, तळी, घड्याळं वाजवणारे मनोरे हे सगळं निमित्त होतं. हा माणूस एका फोनसाठी युरोपात आला होता.

"आणि पूजा अडली तर?" मी म्हणालो.

"अडायची कशाला? दुसरी किल्ली माझ्या घरी आहे, देव्हाऱ्याच्या मागे. बायकोला सांगून आलोय, मी फोनवर सांगितल्याशिवाय कुणाला देऊ नको. त्यांनी मला एक फोन करायचा. काका, किल्ली कुठंय? एवढंच विचारायचं. मी सांगतो. दोन मिनिटांत पोरगा घरी जाऊन आणतो. पूजा वेळेवर."

"मग तुला काय मिळालं?"

"फोन," तो म्हणाला, आणि किल्ली पुन्हा कमरेला लावली.

आम्ही टॉवेल घेऊन तळ्यावर गेलो.

तळ्याला लागून मोठी हिरवळ होती, कुंपण घातलेली, आणि तिच्यावर शेकडो गोरी माणसं उन्हात पालथी पडली होती. सावली देणारं झाड एकच होतं आणि त्याच्याखाली कुणीही नव्हतं. आम्ही धावत जाऊन जागा धरली. कुणी शर्यतीत नव्हतंच, तरी जिंकल्याचा आनंद झाला. माझगाववाल्याने कुठूनशी बिअर आणि एक हातभर लांब सॉसेज पैदा केलं आणि आडवा झाला. मी पुस्तक उघडून पोटावर ठेवलं. वाचण्याचा हा माझा सर्वांत प्रामाणिक प्रकार आहे.

कार्यवाह मात्र उभा. अंगावर पोहण्याची चड्डी, गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात फोन. मालवणातल्या आजोळी विहिरीत उड्या मारून हा पोहायला शिकलेला. शाळेच्या सहलीत आम्ही दोघं काठावर बसून याचे कपडे सांभाळत असू. समोर एवढं निळंशार पाणी, आणि हा घोट्यापर्यंत जाऊन परत आला.

"आत रेंज जाते," तो म्हणाला.

"ते पाकीट वॉटरप्रूफ आहे ना?"

"पाकीट आहे. रेंज नाही."

त्याने हिरवळभर हिंडून रेंज कुठे पूर्ण येते ते शोधून काढलं. ती जागा कपडे बदलायच्या खोल्यांच्या दारासमोर निघाली. तिथे तो हात मागे बांधून उभा राहिला. आत-बाहेर करणारी माणसं त्याच्याकडे बघत, तो त्यांच्याकडे बघून मान हलवी. थोड्या वेळाने लोक त्याला विचारल्यासारखे थांबून मग आत जायला लागले. नुसता उभा राहूनही माणूस व्यवस्थापक दिसू शकतो, हे मी तिथे पाहिलं. एका आजोबांनी तर त्याला आपल्या हातातला प्रवेशाचा बिल्ला दाखवला. याने तो नीट पाहून परत दिला.

"बस ना रे जरा," माझगाववाला ओरडला. "पाणी बघ, काय मस्त आहे!"

"तू तुझी ती लांबडी मिठाई खा."

"मिठाई नाय रे, डुक्कर आहे."

"आज माझ्यासमोर नाव नको घेऊस मेल्या त्याचं. पूजा होऊ दे."

काळाचौकीत संध्याकाळचे पाच म्हणजे तळ्याकाठी दुपारचा दीड. पाचचा मुहूर्त. एक वाजला तसा तो येरझाऱ्या घालायला लागला. "आता कपाटाशी गेले असतील," तो आमच्याजवळ येऊन सांगून जाई. "आता एकमेकांना विचारत असतील. तो नवा आहे ना, मानी आहे, लगेच फोन नाही करायचा. आधी कुलूप हलवून बघेल." जरा वेळाने पुन्हा येऊन: "आता घाम फुटला असेल." घाम त्याच्याच कपाळावर होता. मला त्याची दया येत होती आणि हसूही. त्या दोन्हींना सावलीत जागा होती.

आणि फोन वाजला.

तो इतका दचकला की पाकिटातून फोन बाहेर निघेना. शेवटी माझगाववाल्याने तो काढून दिला. नव्या कार्यवाहाचाच होता, व्हिडिओ कॉल. आमच्या मित्राने आमच्याकडे जो कटाक्ष टाकला तो मला अजून दिसतो. आमदाराने विजयी मिरवणुकीतून विरोधकाच्या गॅलरीकडे बघावं तसा. फोन माझगाववाल्याच्या हातात धरायला देऊन तो स्वतः समोर उभा राहिला.

"बोल रे," तो म्हणाला. आवाज अगदी सहज, जसा काही झोपेतून उठला.

"काका, नमस्कार! ऐकू येतंय ना? काका, तुम्ही मोठ्या स्क्रीनवर आहात."

तेव्हा कुठे त्याला कळलं की मूर्तिकाराच्या कारखान्यात, पावलाच्या शेजारी, मंडळाने भलामोठा पडदा लावला आहे आणि त्यावर अख्ख्या काळाचौकीला आधारस्तंभाचं उघडं पोट दिसतं आहे. त्याने टॉवेल ओढून उपरण्यासारखा खांद्यावर घेतला. तेवढ्यात मागून एक बाई फारच थोड्या कपड्यांत निघून गेली. फोनमधला ढोल बंद पडला. माझगाववाल्याने प्रसंगावधान राखून फोन झाडाकडे वळवला आणि मग हळूहळू परत आणला.

"काका, मुहूर्ताला दहा मिनिटं आहेत. आम्ही म्हटलं, आधारस्तंभांचे दोन शब्द झालेच पाहिजेत. शुभेच्छापर. दोनच हां काका, मागे भटजी थांबलेत."

दोन शब्द! मंडळाच्या व्यासपीठावर पाहुण्यांना हे वाक्य ऐकवण्यात ज्याची हयात गेली तो माणूस त्या वाक्यासमोर उभा होता. पण तो बोलायला लागला नाही. तो फोनच्या अगदी जवळ गेला. मीही त्याच्या खांद्यावरून पाहिलं. त्या मुलाच्या मागे चौरंग होता आणि चौरंगावर समई, ताम्हण, तबक, कलश. सगळं लखलखीत. रांगोळीने घासलेलं. याच्या काळात ते इतकं घासलेलं कधी नसायचं.

"कपाट कसं उघडलं?" त्याने विचारलं.

"किल्लीने, काका."

"किल्ली माझ्याकडे आहे."

"तुमची तुमच्याकडे आहे, काका," तो मुलगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच नव्हता. तो फक्त माहिती देत होता. "एक आमच्याकडे, एक पुजाऱ्यांकडे, एक त्या दूधवाल्या मामांकडे. पहिल्यापासून आहेत ना. तुम्हाला यायला उशीर व्हायचा, मग पूजेची मांडणी कोण करणार?"

तिकडे कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. गप्प केलेलं जास्त ऐकू आलं.

आमचा मित्र सरळ उभा राहिला. त्याने टॉवेल नीट केला. मला वाटलं, आता हा फोन बंद करणार किंवा भडकणार. दोन्ही त्याला उत्तम जमतं. तो म्हणाला, "सर्वांना शुभेच्छा. मुहूर्त चुकवू नका." मग थांबून हात जोडले आणि माझगाववाल्याला मानेने खूण केली. एवढं छोटं भाषण त्याने आयुष्यात केलं नव्हतं. काळाचौकीत टाळ्या पडल्या, त्या मध्येच तुटल्या.

तो आमच्याजवळ गवतावर बसला. माझगाववाल्याने सॉसेज कागदात गुंडाळून पाठीमागे सारलं. तेवढाच आदर दाखवण्यासारखा त्याच्याजवळ होता.

"आई गेली ते वर्ष," शेवटी कार्यवाह म्हणाला. "सुतकात होतो मी. पाद्यपूजनाला गेलोच नाही. किल्ली माझ्याच कमरेला. तरी चांदी निघाली होती. फोटोत बघितली होती मी."

"मग?"

"मग काय. मी विचारलंच नाही कधी, कशी निघाली."

मला काहीतरी बोलावंसं वाटलं. मी वाचलेल्या अनेक पुस्तकांमध्ये अशा वेळी म्हणायची वाक्यं आहेत. त्यातलं एकही त्या झाडाखाली म्हणण्यासारखं नव्हतं. माझगाववाल्याने मात्र योग्य प्रश्न विचारला.

"आता येणार काय पाण्यात?"

"तुला पोहता येतं?"

"नाय."

"मग तू कशाला विचारतोस?" असं म्हणून त्याने फोनचं पाकीट काढून माझ्या मांडीवर टाकलं, उठला, आणि लाकडी धक्क्याच्या टोकावरून गावच्या विहिरीत मारतात तशी गुडघे पोटाशी घेऊन उडी मारली. त्या सभ्य तळ्यात एवढा आवाज त्या उन्हाळ्यात झाला नसावा. पालथी पडलेली काही माणसं उताणी झाली.

मग तो पोहत सुटला. लांब, आणखी लांब. तळ्यात एक जाड दोरी होती, नारिंगी तरंगते गोळे लावलेली, पोहणाऱ्यांची हद्द दाखवणारी. तो तिच्याखालून पलीकडे गेला आणि मध्यावर पाठीवर पडून राहिला. काठावरून फक्त पोट दिसत होतं. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही, त्यामुळे आम्ही काळजी करण्याखेरीज काही करू शकत नव्हतो. ती आम्ही उभं राहून केली.

"ठीक असेल ना रे?" माझगाववाल्याने हळूच विचारलं.

एवढ्यात शिट्टी वाजली. धक्क्याजवळच्या उंच खुर्चीत जीवरक्षक बाई होत्या, पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, नाकाला पांढरं मलम फासलेल्या. त्यांनी दुसरी शिट्टी मारली आणि हाताने असा काही इशारा केला की मीसुद्धा दोन पावलं मागे आलो. तळ्याच्या मध्यावरचं पोट उलटलं आणि निमूट काठाकडे यायला लागलं.

तो बाहेर आला तो निथळत थेट त्या बाईंपाशी. आम्हाला वाटलं, आता भांडण. परदेशात, परक्या भाषेत, चड्डीवर. आम्ही घाईने गेलो.

"ती दोरी," तो त्यांना मराठीत सांगत होता, हातवारे करून, "तिकडच्या टोकाला ढिली आहे. माझ्यासारखा माणूस खालून गेला ना? पोरगं गेलं असतं तर? तिकडून ताणून घ्यायला पाहिजे."

त्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग दोरीच्या टोकाकडे. मग स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. ते दोरीबद्दल होतं की त्याच्याबद्दल, कळायला मार्ग नव्हता. आणि खुर्चीखालच्या लाकडी पायरीकडे बोट दाखवलं, म्हणजे बस.

तो बसला. या माणसाला कुणी बस म्हटल्याचं मी पुष्कळदा ऐकलं आहे, पण त्याने ते ऐकलेलं प्रथमच पाहत होतो. बाई वर, तो खाली, दोघंही पाण्याकडे बघत. कुणी दोरीच्या फार जवळ गेलं की तो मान वर करून बाईंकडे बघे. त्यांनी ते आधीच पाहिलेलं असे.

आम्ही झाडाखाली परतलो. माझगाववाल्याने कागद उघडून सॉसेज संपवलं. ऊन उतरलं, हिरवळ रिकामी होत गेली, आमच्या बसची वेळ झाली. मी कार्यवाहाला हाक मारली. त्याने न वळता हात वर केला. पाण्यात अजून चार मुलं होती.

"ती बाहेर येऊ देत," तो म्हणाला. "मग निघू."