होबाईंचा सर्व्हर

रुग्णालयात त्यांना सगळे होबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि फारसं खटकतही नव्हतं. कुणी काही मागायला आलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंचा हो निघालेला असे. भीड ही भिकेची बहीण, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या. होबाईंनी त्यावरही मान डोलावून हो म्हटलं होतं.

त्यांचं काम मात्र नुसतं हो-हो करून भागण्यातलं नव्हतं. जिन्याखालच्या थंडगार खोलीत रुग्णालयाचा डेटाबेस सर्व्हर होता. नोंदणीच्या खिडक्या, प्रयोगशाळा, औषधांचा काउंटर, वॉर्ड, सगळ्यांची माहिती त्या एकाच यंत्रात, आणि ते नीट चालतं ठेवणं होबाईंकडे. कुठल्या कामाला किती मेमरी वापरू द्यायची, एका वेळी किती जणांना जोडू द्यायचं, ती सगळी सेटिंग्ज त्यांना तोंडपाठ. अंगावर शाल घेऊन त्या तिथे बसत आणि पडद्यावरच्या रेषा वर-खाली होताना बघत, आजारी मुलाच्या उशाशी बसावं तशा. हे काम त्यांना मनापासून आवडायचं, हे सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं नुसतं रडगाणं वाटायचं.

त्या दिवसांत घरी लेकीची बांधाबांध चालली होती. रविवारी ती शिकायला दुसऱ्या शहरात निघणार होती. नवरा बदलीच्या गावी, घरात या दोघीच. "आई, येशील सोडायला? माझं बस्तान बसेपर्यंत राहशील?" तिने विचारलं होतं. मुलगी कधी काही मागणाऱ्यातली नव्हे. "हो, म्हणजे काय, विचारतेस कसली!" होबाई म्हणाल्या, आणि कानाला लावलेल्या फोनवर त्याच दमात प्रयोगशाळेच्या मॅडमनाही हो म्हणाल्या.

मॅडमची अडचण खरीच होती. त्यांचा महिन्याचा अहवाल निघता निघता निम्मी दुपार जायची. होबाईंनी पाहिलं, तर एवढ्या नोंदी क्रमाने लावायला मेमरी अपुरी पडत होती आणि यंत्र ते काम डिस्कवर ढकलून रखडत बसत होतं. त्यांनी मेमरीची मर्यादा वाढवली, चांगली ऐसपैस वाढवली. दुपारी सामसूम असताना अहवाल काढून पाहिला, तर चहा गार व्हायच्या आत तयार! मॅडम खूश. मग औषधांच्या काउंटरवाला आला, म्हणे एका वेळी आणखी काही जण जोडता येतील का. हो. नोंदणीवाल्यांनी तेच मागितलं. त्यांनाही हो.

शुक्रवारी सकाळी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि सर्व्हर आडवा झाला.

होबाईंनी त्याला उठवलं. लोक जोडले गेले आणि तो पुन्हा बसला. बाहेर रांग दारापर्यंत गेली, कुणीतरी काचेवर टकटक करत होतं, आणि त्या गारठ्यातही बाईंना दरदरून घाम फुटला. आपणच बदललेली सेटिंग्ज परत वाचताना त्यांना चूक दिसली. वाढवलेली मेमरी काही एकट्या अहवालाला दिलेली नव्हती. जो जोडला जाईल त्या प्रत्येकाला तेवढी घ्यायची मुभा होती. एकच पाहुणा आला तर त्याला अख्खी खोली देता येते. बाईंनी तीच खोली येणाऱ्या प्रत्येकाला कबूल करून ठेवली होती, आणि आज सगळे एकदम आले होते. कुणीही कबूल केल्यापेक्षा कणभर जास्त घेतलं नव्हतं.

त्यांनी सगळ्यांचा वाटा पुन्हा लहान केला. मोठा वाटा फक्त अहवालापुरता ठेवला. सर्व्हरला जोडणाऱ्यांची संख्या उतरवली आणि पुढे एक छोटा प्रोग्रॅम बसवला. तो आलेल्यांना रांगेत थांबवून एकेकाला आत सोडणार.

"म्हणजे आम्ही आता थांबायचं?" औषधांच्या काउंटरवाल्याने फोनवर फणकाऱ्याने विचारलं.

"थांबायचं. क्षणभरच, पण थांबायचं," होबाई म्हणाल्या. शब्द तोंडाला नवा होता. सर्व्हर मात्र तग धरून राहिला.

दुपारी त्या सगळीकडे फिरून बघून आल्या. वॉर्डात सिस्टर हातमोज्यांच्या खोक्यावर पेशंटचे ताप लिहीत होत्या. शेजारच्या संगणकाचा पडदा काळा.

"चालत नाही का हा?"

"चालतो की. पण आत घेईचना, आमच्या वाट्याला जागाच यायची नाही. बरेच दिवस झाले. मग मी आपली लिहून ठेवते आणि सवडीने भरते."

"अहो, मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुमच्यामागे आधीच इतके जण," सिस्टर हसून म्हणाल्या. "म्हटलं, त्यात आपली कशाला भर?"

होबाई तिथेच उभ्या राहिल्या. जन्मभर त्या जो ओरडेल त्याचं करत आल्या होत्या. गप्प बसणारी माणसं त्यांच्या गणतीतच नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं सिस्टरपाशी थांबेना.

घरी आल्या तेव्हा लेक बॅगेची चेन ओढत होती.

"अगं, आपली तिकिटं काढायची राहिलीच माझ्याकडून."

"काढलंय मी."

"दोन्ही?"

"एकच. मागच्या आठवड्यात."

"मी येते म्हटलं होतं ना तुला!"

"तू लगेच हो म्हणालीस ना, आई. तेव्हाच कळलं मला." ती चिडून बोलली असती तर होबाईंना सोसलं असतं. ती समजूतदारपणे बोलली.

तेवढ्यात फोन वाजला. मॅडम. अहवालात आणखी एक गोष्ट घालायची होती, रविवारी येऊन जाल का?

होबाईंच्या ओठांवर तो जुना शब्द आला होता. त्यांनी तो गिळला. "नाही जमणार, मॅडम. मुलीला सोडायला चाललेय. चार दिवसांनी बघू."

"बरं बरं," मॅडम म्हणाल्या. आभाळ काही कोसळलं नाही. लेकीने चेन अर्ध्यावर सोडून आईकडे पाहिलं.

दुसरं तिकीट मिळालं, पण ऐन वेळचं, डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला. रविवारी लेक आपल्या खिडकीशी बसली, होबाई शेवटच्या बाकावर एका जाड चष्मेवाल्या गृहस्थांच्या शेजारी. मधल्या माणसांतून लेकीचं नुसतं डोकं दिसत होतं. आलो हेच पुष्कळ, असं बाईंनी मनाला बजावलं आणि पदर सावरून बसल्या.

गाडी हलणार एवढ्यात ते डोकं उठलं. लोकांच्या बॅगा ओलांडत, धक्के खात लेक शेवटच्या बाकापर्यंत आली आणि चष्मेवाल्यांपुढे उभी राहिली.

"काका, माझी खिडकीची जागा घ्याल का? तुमची मला द्या," ती म्हणाली. "मला आईजवळ बसायचंय."