मावशीच्या पदराचं टोक

दुपारचं जेवण झालंय. टेबलावर कोरा कागद, शाईची दौत आणि गेनूअण्णांचा फोटो. मी खुर्चीत मान मागे टाकतो. डोळे मिटत नाहीत, नुसते जड होतात. खिडकीतलं ऊन पापण्यांवर पिवळं सांडतं आणि पंख्याची कुरकुर कुठल्याशा तुणतुण्यासारखी एका तारेवर लागत जाते.

गेनबा तडवळेकर, सगळ्यांचे गेनूअण्णा, परवा गेले. तमाशातले सोंगाडे. उभा जन्म त्यांनी जत्राजत्रांतून गौळणीतली मावशी उभी केली. गौळणी दह्यादुधाचे माठ घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण वाट अडवतो आणि मग त्यांच्या वतीनं त्याच्याशी भांडायला जी कमरेवर हात ठेवून पुढे येते, ती मावशी. लुगडं नाही, चोळी नाही. धोतर, सदरा, भरघोस मिशा. खांद्यावरचं उपरणं डोक्यावरून घेतलं, त्याचं एक टोक दातांत धरलं, की बाई उभी. मिशीसुद्धा लाजल्यासारखी पदराआड जायची. अण्णांना पानाचं वेड, त्यामुळे उपरण्याचं ते टोक कायम लाल.

आमच्या वर्तमानपत्राच्या उद्याच्या अंकात त्यांच्यावर माझं व्यंगचित्र जायचंय. दिवेलागणीच्या आत कचेरीत पोचायला हवं. सकाळपासून मी काढतोय आणि फाडतोय. मंत्र्यांची नाकं मी बोलता बोलता काढतो. ज्या माणसावर जीव लावला त्याचं नाक हाताला लागत नाही. कागदावर येतो तो फोटोतला चेहरा, आधार कार्डासाठी काढलेला, दचकलेला. आज अण्णा आले नाहीत तर पुढे कधी येणार नाहीत, मनातल्या चेहऱ्यावर हा फोटोच कायमचा चिकटून बसेल, ही खरी भीती.

तुणतुणं जवळ येतंय.

टेबलाच्या पलीकडे लिंबाचं झाड आहे. ते तिथं नेहमीच असल्यासारखं आहे. झाडाखाली माळ, माळावर फळ्यांचा रंगमंच, आणि भर उन्हात हजेरीचा खेळ लागायचाय. जत्रेत रात्रीचा तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी उजेडात होतो, तो हजेरीचा. त्यात दिवे नसतात, रंग नसतो, माणसं असतील तशी उभी राहतात. खाली मी फाडलेले कागद पडलेत. वाकून बघतो तर लिंबाची वाळकी पानं आहेत.

"काय रं चितारी, फाडतूयास किती?"

अण्णा फळीच्या कडेला पाय सोडून बसलेत, पानाला चुना लावतायत. चेहऱ्यावर ऊन इतकं आहे की नीट दिसत नाही.

"अण्णा, तुम्ही तर परवा..."

"व्हय, ग्येलो की. म्हनून काय हजेरी चुकवायची?" त्यांनी एक वाळकं पान उचललं. त्यांच्या हातात ते पुन्हा माझं चित्र झालं. "ह्ये काय काडलंयस? ढगात बसवलंस मला?"

"स्वर्गाचा दरबार आहे, अण्णा. तुम्ही आलात आणि इंद्र हसतोय."

"ढगावर पाय टिकंल व्हय? मला फळी लागती नाचाया. आन त्यो इंद्र का हसतूय? माझं तर त्वांड मिटल्यालं हाय ह्यात."

मला हसू येतं.

"आन नाक लई मोटं केलंस."

"व्यंगचित्रात करावं लागतं."

"ते फुडाऱ्यांचं कर. माझं देवानंच करून ठिवलंय, तू कशाला वर राबतूस?"

ते उठतात. मी त्यांच्या मागून जातो, तर आम्ही आमच्या कचेरीच्या लांब बोळातून चाललोय. कपाटांना तंबूचे दोर बांधलेत. कुणाच्या तरी टेबलाखाली ढोलकी तापत ठेवलीय. बोळ संपतो तिथं पुन्हा माळ, आणि मी माझ्या नेहमीच्या जागी आहे, शेवटच्या रांगेत, मांडीवर कागद घेऊन. पुढच्या साऱ्या रांगा रिकाम्या. माणसं उठून गेल्यावर दाबलेलं गवत राहतं, तेवढंच.

अण्णा रांगांमधून चालत माझ्यापाशी येतात.

"दे तुजं फडकं."

माझ्या खांद्यावर टाक पुसायचं जुनं फडकं असतं. "शाईचं आहे हो. तुमचं उपरणं?"

"माझं पोरींनी सरणावर संगं दिलं. पर धुऊन दिलं रं. पांढरंफेक. डाग न्हाई त्या टोकाला, तर दातात काय धरू? देवळात आल्यासारखं वाटतंय."

मी फडकं देतो. ते डोक्यावरून घेतात, टोक दातांत धरतात, आणि त्या क्षणी खांदे उतरतात, कंबर एका अंगाला जाते. चेहरा नाहीसा होतो.

"अण्णा, चेहरा झाकू नका. त्याच्यासाठीच तर बसलोय सकाळपासनं."

"आतापत्तोर हितनंच बगितलंस न्हवं मला? हितनं दिसला कधी चेहरा?"

मी विचार करतो. तोंडभेटी होत, पण घाईतल्या. राहुटीच्या दाराशी, 'काय रं चितारी' एवढ्यापुरत्या. डोळ्यांत साठलंय ते इथून बघितलेलं.

"नाही दिसला."

"मग काय दिसायचं?"

मी सांगत नाही, कारण ते होऊ लागलंय. गौळणी पाठमोऱ्या उभ्या आहेत. डोक्यावर माठ. ढोलकी वाजत नाही, तरी पावलं तिच्यावरच पडतायत. मावशी त्यांच्यात मिसळते आणि तो खरखरीत, उन्हात तापलेला आवाज उठतो:

माठ डोईवर, वाट गेली वळणानं,
सांज व्हायाच्या आत चला गं पावलानं.

माळाच्या टोकाला एसटी उभी आहे. पाटीवर मथुरा. एकेक गौळण चढते. शेवटी मावशी पायरीवर एक पाय ठेवते आणि थांबते. मला ठाऊक आहे ती का थांबली. प्रत्येक खेळात इथं थांबायची. पदर तोंडात तसाच धरून, मान थोडी वळवून विचारायची, "मागं कोन ऱ्हायलं का गं?" आणि सगळा तंबू, म्हातारेकोतारे, बाया, दुकानं सोडून आलेले भजीवाले, एका सुरात ओरडायचे, "आम्ही." त्याशिवाय मावशी हलायची नाही.

मान वळते.

"मागं कोन ऱ्हायलं का गं?"

रांगा रिकाम्या आहेत. उत्तर द्यायला मी एकटाच. तोंड उघडतो. आवाज नाही. जिभेवर शाई वाळल्यासारखं झालंय.

"दमानं," मावशी म्हणते. हा आवाज मावशीचा नाही, अण्णांचा आहे. "मी हाय हितंच."

मी पुन्हा तोंड उघडतो. द्यायचं नाही मला उत्तर. दिलं की गाडी सुटेल.

अण्णांना ते कळतं. पदराआडून ते हसतात, खांद्यांवरून कळतं. मग कंडक्टरनं दोरी ओढावी तशी घंटी वाजते.

फोन वाजतोय. कचेरीचा. मी उचलत नाही. वाजून थांबतो. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलंय. सुलभा चहा घेऊन दारात उभी आहे.

"अहो, पान कधी खाल्लंत?"

"मी कुठं पान खातो?"

"मग हे काय?"

फडकं माझ्या मांडीवर आहे. शाईच्या निळ्या-काळ्या डागांत एक टोक पिळलेलं, ओलं. त्यावर दातांच्या खुणा. आणि कातासारखी लाली, ताजी.

मी फडकं टेबलाच्या कडेला ठेवतो. कागद पुढे ओढतो. स्वर्ग नको, इंद्र नको, नाकही नको. पाठीची एक रेघ. कमरेपाशी कललेली दुसरी. पायरीवर एक पाय. डोक्यावर पदर, किंचित वळलेली मान, आणि जिथं चेहरा यायचा तिथं दातांत धरलेलं टोक. हात कुठं थांबत नाही. खाली एवढंच लिहितो: मागं कोन ऱ्हायलं का गं?

उत्तर लिहीत नाही. जागा तेवढी सोडतो.

सुलभा खांद्यावरून वाकून बघते. माहेरच्या जत्रेत लहानपणी बायकांच्या बाजूला बसून तिनंही मावशी बघितलीय. कप तिच्या हातातच राहतो.

"आम्ही," ती म्हणते. हळू, कागदाला.

थोड्या वेळानं ती फडक्याकडे हात करते. "धुवायला टाकू?"

"नको," मी म्हणतो, आणि ते खांद्यावर घेतो. टोक अजून ओलं आहे.